संथ हात

फेब्रुवारीत ज्ञानदाला आठ दिवस ताप आला. नवव्या दिवशी तो उतरला आणि दहाव्या दिवशी सकाळी ती पलंगावरून उठायला गेली, तर पायाखाली जमीन नव्हती.

जमीन होती, अर्थातच. अबू हलीफातल्या पाचव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटची पांढरी फरशी होती तिथेच होती. पण ज्ञानदाच्या पायांना ती लागली नाही. ती कोसळली आणि पडल्या जागेवरून समोरच्या एका पायाकडे पाहत राहिली. पाय गुडघ्यात विचित्र दुमडला होता. तो आपलाच आहे हे तिला नखांवरच्या रंगावरून ओळखावं लागलं.

सलील स्वयंपाकघरातून धावत आला.

"पडलीस कशी?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी उभी राहिले होते का?"

ज्ञानदा तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. मूळची मिरजेची. चौदा वर्षं कुवेतमध्ये होती आणि एका बांधकाम सल्लागार कंपनीत उंच इमारतींमधल्या बारीक वायरिंगचे नकाशे काढायची. सलील एका कंपनीच्या आयटी विभागात होता. त्यांची मुलगी अबोली नऊ वर्षांची. घरात आईवडील मराठी बोलत, अबोली सगळं समजून इंग्रजीत उत्तर देई. आजारपण म्हणजे काय, हे त्या घराने तोवर सर्दी-खोकल्यापलीकडे पाहिलेलं नव्हतं.

हॉस्पिटलात तीन आठवडे गेले. न्यूरॉलॉजिस्ट होत्या डॉक्टर हिबा, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या कुवेती बाई. त्यांनी ज्ञानदाला डोळे मिटायला सांगितलं. टाचणी टोचली, ते दुखलं. थंड पाण्याची काचेची नळी दंडाला लावली, ती थंड लागली. मग कापसाचा बोळा फिरवला.

"आता?"

"सुरू करा ना," ज्ञानदा म्हणाली.

बोळा केव्हाचा फिरत होता. पायाचा अंगठा वर केला की खाली, हेही तिला सांगता आलं नाही. मान आणि चेहरा सोडून सगळ्या अंगाचं तसंच.

डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. तापाशी लढताना शरीराच्या स्वतःच्याच संरक्षणाने चूक केली होती. स्पर्श आणि हातापायांची जागा कळवणाऱ्या जाड नसांच्या पेशी त्याने मारून टाकल्या होत्या. ताकद शाबूत होती. हात उचलता येत होता, फक्त तो उचलला गेला का, कुठवर गेला, हे कळत नव्हतं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

"नजरेने चालायला शिकावं लागेल," त्या म्हणाल्या. "लोक शिकतात. वेळ लागतो."

ज्ञानदा शिकली. चार महिने लागले. पावलाकडे पाहायचं, ते कुठे ठेवायचं ते ठरवायचं, ठेवायचं, मग दुसऱ्याकडे पाहायचं. चालता चालता बोलणं जमायचं नाही. शिंक आली की क्षणभर डोळे मिटत आणि ती पडे. बाथरूमला खिडकी नव्हती, एकदा भर दुपारी तिथला दिवा गेला आणि ती होती तिथेच कपड्यांच्या ढिगासारखी खाली बसली. चहाचा कप नजरेने धरायचा. नजर हटली की बोटं एकतर सैल पडत किंवा इतकी आवळत की हात थरथरायला लागे. एकदा फोनवर आईशी बोलताना तिचा डावा हात आपोआप हवेत तरंगत वर गेला होता. समोरच्या आरशात दिसला तेव्हा तिला वाटलं, मागे कुणीतरी उभं आहे.

एक गोष्ट मात्र ना तिला समजत होती ना सलीलला. जूनमध्ये, पारा पन्नासला टेकलेला असताना, ती भिंतीला धरून बाल्कनीत गेली होती. समोर समुद्र पांढरा पडला होता. वाळवंटाकडून वारा सुटला होता आणि तिची ओढणी फडफडत होती.

"आत चल, झळा लागतील," सलील म्हणाला.

"लागतायत की," ती म्हणाली. "अंग नुसतं भाजतंय. पण वारा कुठे आहे?"

ओढणी तिच्या डोळ्यांसमोर उडत होती. गालांना वारा लागत होता, तिथली जाणीव राहिली होती. पण मानेखाली वारा नव्हताच. तिथे फक्त उष्णता होती, कशाचाही स्पर्श नसलेली, कुठूनही न आलेली. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. उन्हाळा आपल्या आतच कुठेतरी आहे, असं तिला वाटलं. मग ती पावलं बघत आत आली.

अबोलीचं काय झालं ते ज्ञानदाने कुणाला सांगितलं नाही. शाळेतून आली की मागून येऊन आईच्या कमरेला मिठी घालायची, ही त्या मुलीची सवय. मे महिन्यात एकदा तिने तशी मिठी घातली. ज्ञानदाला मागचं दिसलं नाही, म्हणजे काहीच कळलं नाही. अचानक तोल का गेला ते समजायच्या आत ती ओट्यावर आपटली आणि ओठ फुटला. त्यानंतर अबोली लांबूनच "हाय आई" म्हणायला लागली. दोन-तीन आठवड्यांनी ज्ञानदाने तिला जवळ बोलावलं. म्हणाली, मी बसलेली असताना ये की जवळ, बसल्यावर मी पडत नाही.

"इट्स ओके," अबोली म्हणाली. "यू डोन्ट फील इट एनीवे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. पाणी शंभर अंशाला उकळतं हे सांगावं तसं तिने ते सांगितलं आणि गृहपाठाला बसली. ते खरंच होतं.

अमिरुन्निसा आल्या त्या जुलैमध्ये. इमारतीखाली आतिफचा बकाला होता, म्हणजे दूध-पाव-भाजीचं छोटं दुकान. अमिरुन्निसा त्याची आई. श्रीवर्धनकडची बाई, त्रेसष्ट वर्षांची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलाकडे राहायला आली आणि दोन-चार बाळंतिणींना तेल लावून दिल्यावर आसपासच्या वस्त्यांतल्या, महबूलापासून मंगाफपर्यंतच्या बायका तिला बोलवायला लागल्या. इकडे ज्ञानदाची त्वचा एसीत कोरडी पडून तडकत होती. कुठे जखम झाली तर दुखेल, पण नुसतं घासलं गेलेलं कळणार नाही, म्हणून अंगावर रोज नजर ठेवा आणि तेल लावा, असं फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं. सलीलने आतिफला विचारलं आणि त्याची आई रविवार, मंगळवार, गुरुवार दुपारी तीनला यायला लागली.

"मावशी, तुम्ही कितीही जोरात चोळलंत तरी मला कळणार नाही हं," ज्ञानदाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"नको कळू दे," अमिरुन्निसा म्हणाल्या. "तेलाला तर कळेल ना, कुठे मुरायचा ते."

जमिनीवर गादी घालून ज्ञानदा त्यावर आडवी होई. आडवं असताना पडायची भीती नव्हती, त्यामुळे डोळे मिटता येत. दिवसभर डोळ्यांनी अंग ओढत नेणाऱ्या बाईला ती मोठीच सुटी वाटे. तेल कोमट असलं की ऊब कळायची. हात मात्र कळायचे नाहीत. मावशींच्या दम लागल्याच्या आवाजावरून काय ते समजायचं.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी अमिरुन्निसा महबूलातल्या एका बाळाची हकिकत सांगत होत्या. ते महिनाभर आधी जन्मलेलं होतं.

"येवढुसा," त्या सांगत होत्या. "माझ्या दोन पंजांत मावेल. आणि रडणं असं, की आईला घाम फुटलेला. मी काय केला, चोळायचा-बिळायचा सोडून दिला. नुसता हात फिरवला. ह्याहून हळू नाय, ह्याहून भराभर नाय. भराभर फिरवलास तर दचकतो तो. एकदम हळू केलास तर परत रडतो. त्याचा एक ठरलेला असतो बघ. तो सापडला की पोर गप. डोळे असे जड..."

ज्ञानदा डोळे मिटून ऐकत होती. ऐकता ऐकता तिला बरं वाटायला लागलं.

म्हणजे काय, हे ती पुढे कितीतरी वेळा सांगायचा प्रयत्न करणार होती. अंगाला काही लागत नव्हतं. कुणी हात लावलाय, असं मुळीच वाटत नव्हतं. खूप तहान लागलेली असताना पाणी प्यायल्यावर आत खाली उतरत जातं तसं, किंवा ताप उतरताना घाम फुटून हलकं होतं तसं काहीतरी होत होतं. त्याला जागा नव्हती. तिला वाटलं, बाळाच्या गोष्टीनेच आपल्याला भरून येतंय.

मग अमिरुन्निसा तेल घ्यायला थांबल्या आणि ते थांबलं. गोष्ट चालूच होती. वाटीचा आवाज झाला. पुन्हा ते सुरू झालं.

ज्ञानदाने डोळे उघडले. अमिरुन्निसांचा उजवा हात तिच्या डाव्या हातावर, कोपरापासून मनगटाकडे, सावकाश उतरत होता.

"मावशी, तुम्ही आत्ता काय करत होतात?"

"काय झाला? दुखला काय?"

"नाही. काय करत होतात ते सांगा."

"काय नाय गो. पोराचं सांगत होते, तर हात तसा चालला. आता नीट चोळते."

"नको," ज्ञानदा म्हणाली. तिचा आवाज इतका बदललेला होता की अमिरुन्निसांनी हात मागे घेतला. "तसंच परत करा. मी डोळे मिटते. मधे मधे थांबा आणि मला सांगू नका."

अमिरुन्निसांनी तसं केलं. एसीचा आवाज तेवढा होता. ज्ञानदा वाट पाहत पडून राहिली.

"आत्ता," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "थांबलात." मग, "आत्ता परत."

तिन्ही वेळा ते बरोबर होतं. अमिरुन्निसांनी मग हात भराभर फिरवून पाहिला, काहीच नाही. गोगलगायीच्या चालीने फिरवला, काही नाही. तळहातावर फिरवला, काही नाही. नडगीवरून त्या बाळाच्या चालीने नेला आणि ज्ञानदाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहिलं.

"कुठे फिरवते मी, सांग बघू," अमिरुन्निसा हळूच म्हणाल्या.

"ते नाही सांगता येत. खाली कुठेतरी. मला फक्त कळतंय की मी... बरी आहे. कुणीतरी मला बरं करतंय, एवढंच कळतंय."

अमिरुन्निसांनी हात फडक्याला पुसले आणि स्वतःच्या पंजांकडे पाहिलं.

"चाळीस वर्षं मी ह्याला तेल लावणं म्हणते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सलील घरी आल्या आल्या ज्ञानदाने त्याला सांगितलं. त्याने बूटही काढले नव्हते. तो तसाच तिच्याजवळ बसला आणि तिच्या हातावरून हात फिरवायला लागला. ती डोळे मिटून बसली. काही झालं नाही. त्याने थोडा दाब दिला, मग जरा जास्त. मग दोन्ही हातांनी.

"आत्ता?"

"नाही."

"आत्ता?"

"नाही रे."

सलील थांबला. "ज्ञानू," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, त्या नसा परत येत नाहीत. तुला खूप वाटतंय म्हणून..."

नंतरचे दोन दिवस तिला स्वतःचीच शंका येत राहिली. गुरुवारी अमिरुन्निसा आल्या तेव्हा ती घाबरलेली होती. ते पुन्हा आलं नाही तर काय, या भीतीने. ते आलं. अमिरुन्निसांना सलीलची हकिकत कळली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याचे हात गाडीच्या एसीतून आलेले, थंडगार. त्यात घाई. बायकोला शोधायला निघालाय, सापडेल कशी?"

ऑगस्टमध्ये डॉक्टर हिबांकडे तपासणी होती. ज्ञानदाने सगळं सांगितलं, चुकत-माकत, जमेल तशा इंग्रजीत. सलील बाजूला खाली मान घालून बसला होता. आपली बायको भ्रमात आहे असं डॉक्टर आता किती सभ्यपणे सांगतील, याची तो वाट बघत असावा.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं.

"वेगाबद्दल पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "भराभर फिरवलं तर नाही? आणि तळहातावर नाही?"

"नाही."

"तुम्ही हे कुठे वाचलंय?"

"नाही. बाळांना तेल लावणाऱ्या एका बाईंना सापडलं ते."

डॉक्टर उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. परत येऊन म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात या, दोन तास काढून या. असे रुग्ण जगात थोडेच आहेत, मी त्यांच्याविषयी फक्त वाचलंय.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर चित्रकलेचा एक रुंद, मऊ ब्रश होता. तो त्यांनी स्वतः दुकानातून आणला होता. ज्ञानदाचा हात पडद्याखालून पलीकडे ठेवला. डॉक्टर म्हणायच्या, "एक," मग थोड्या वेळाने, "दोन." दोहोंपैकी एका वेळी ब्रश फिरवलेला असे. कोणत्या वेळी ते ज्ञानदाने सांगायचं. कळलं नाही तरी अंदाजाने सांगायचं.

ब्रश हातापेक्षा कितीतरी हलका होता. ज्ञानदाला वाटलं, आपण नुसते अंदाज करतोय. पहिलं, दुसरं, दुसरं, पहिलं. सलील पडद्याच्या पलीकडच्या बाजूला उभा होता, त्याला ब्रश दिसत होता. त्याने तोंडावर हात घेतलेला तिला दिसला.

चोवीस वेळांपैकी बावीस वेळा ती बरोबर होती. ब्रश भराभर फिरवला तेव्हा निम्म्या वेळा. तळहातावर तेरा वेळा, म्हणजे नाणं उडवल्यासारखं.

डॉक्टर हिबांनी कागद खाली ठेवला. त्यांना त्याची सवय नसावी, पण त्या भारावलेल्या दिसत होत्या.

"ऐका," त्या म्हणाल्या. "तुमच्या मेल्या त्या जाड नसा. त्या मोटारीपेक्षा वेगाने बातमी नेतात. काय लागलं, कुठे लागलं, खरखरीत की गुळगुळीत. जगाची बातमी. पण कातडीत दुसऱ्या नसा आहेत, बारीक, उघड्या. त्यांच्यातून बातमी माणसाच्या चालीने जाते. दुखणं, ऊब, थंडी, खाज त्या नेतात. आणि हळुवार हातही नेतात. त्या नसा तुमच्या जिवंत आहेत."

"मग मला स्पर्श का कळत नाही?"

"कारण त्या स्पर्शाच्या जागी जातच नाहीत. मेंदूत एक भाग आहे, तिथे काळजाची धडधड पोचते, भूक पोचते, श्वास कमी पडला तर ते पोचतं. या नसा तिथे जातात. तिथे 'काय लागलं' असं कुणी विचारत नाही. 'मी कशी आहे' एवढंच विचारलं जातं. आपण सगळे कातडीला बाहेरची भिंत समजतो, पण मेंदू तिला बऱ्याच अंशी आतल्यात धरतो, पोटासारखं, काळजासारखं."

ज्ञानदा आपल्या हाताकडे पाहत होती. तो पडद्याखालून काढून तिने मांडीवर ठेवला होता. चौदा वर्षं ती नकाशांत बारीक तारा काढत आली होती, खोलीचं तापमान सांगणाऱ्या, धूर झाला तर कळवणाऱ्या, तळघरातल्या नियंत्रण खोलीकडे जाणाऱ्या. इमारतीत राहणाऱ्या कुणाला त्या माहीतही नसतात. मुख्य वीज गेली तरी त्या चालू राहतात. आपल्या अंगभर असं काही पसरलेलं आहे, आणि ते एक्केचाळीस वर्षं न विचारता, न दमता आपल्याला आपली खुशाली कळवत होतं, हे तिला आता कळत होतं. बाकीचा सगळा गोंगाट बंद पडला तेव्हा ते ऐकू आलं होतं.

"म्हणजे सगळ्यांना हे असतं?" तिने विचारलं.

"सगळ्यांना. मला आहे, यांना आहे. पण आम्हाला ते वेगळं कधीच ऐकू येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

पार्किंगमध्ये सलीलने गाडी सुरू केली, पण हलवली नाही. एसी बंद केला. दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम केले. मग तिची बाही वर सरकवून, समोर काचेतून बाहेर बघत, त्याने कोपरापासून मनगटाकडे हात नेला. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा ज्ञानदाने मान मागे टेकवली.

"आत्ता," ती म्हणाली.

उकाड्याने दोघे घामाघूम झाले होते. तरी पंधरा मिनिटं गाडी तिथेच उभी होती.

अबोलीला सांगितलं ते सलीलने. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाली, मला स्वतः बघायचंय. शनिवारी सकाळी ती पट्टी, पेन आणि वडिलांचा फोन घेऊन आली. ज्ञानदाच्या हातावर तिने दर तीन सेंटिमीटरवर एक बारीक ठिपका काढला. प्रत्येक सेकंदाला एक ठिपका ओलांडायचा, असा तिचा हिशेब होता. डॉक्टरांनी सांगितलेला वेग तिने बाबाकडून काढून घेतला होता.

"आइज क्लोज्ड. नो चीटिंग."

"नाही करणार."

फोनमधले सेकंद टिकटिक वाजायला लागले. ज्ञानदा वाट पाहत पडून राहिली. बराच वेळ काही नव्हतं. मग आलं.

"आत्ता."

थांबलं. मग पुन्हा टिकटिक वाजू लागली, पण काहीच आलं नाही. ज्ञानदा गप्प राहिली. टिकटिक संपली.

"मी हात वरच धरला होता," अबोली मराठीत म्हणाली. "लावलाच नव्हता. मला बघायचं होतं, तू खोटं बोलतेस का."

"मग?"

अबोलीने तो प्रयोग आणखी अकरा वेळा केला. बाराव्या वेळी टिकटिक वाजलीच नाही. ती सुरू करायला अबोली विसरली होती, किंवा तिने मुद्दाम सुरू केली नव्हती. हात मात्र फिरत होता, ठिपक्यांवरून, घाई न करता.

"कसं वाटतं?" तिने विचारलं.

ज्ञानदाने विचार केला. "तू खूप लहान होतीस तेव्हा ताप आला की माझ्या पोटावर झोपायचीस. ताप उतरला की तू उठायच्या आधीच मला कळायचं, आता ही बरी आहे. तसं. फक्त मी स्वतःबद्दल."

"पण मी आहे हे कळतं? की कुणीही?"

"कुणी आहे ते नाही कळत," ज्ञानदा म्हणाली. तिला मुलीशी खोटं बोलायचं नव्हतं. "ते डोळे उघडून बघावं लागतं."

"मग उघड," अबोली म्हणाली.

नोव्हेंबर अखेर हवा चांगलीच गार झाली, तेव्हा ज्ञानदाने समुद्रात जायचं ठरवलं. सलीलने ते ऐकल्याबरोबर नाही म्हटलं. पाण्यात पाय दिसणार नाहीत, पाय दिसले नाहीत तर ती उभी कशी राहणार? फिजिओथेरपिस्ट म्हणाली, दोघांनी धरलं आणि कमरेच्या वर पाणी जाऊ दिलं नाही तर हरकत नाही. दुसरं माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता. अमिरुन्निसा श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर वाढलेल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी चौघं अबू हलीफाच्या किनाऱ्यावर गेली. ज्ञानदाने पंजाबी ड्रेस घातला होता, अमिरुन्निसांनी अंगावरचा लांब अबाया वर खोचून घेतला. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला सलील. अबोली टॉवेल घेऊन कोरड्या वाळूवर उभी राहिली.

पहिल्या लाटेत पावलं दिसेनाशी झाली आणि ज्ञानदाचे गुडघे वाकले. दोघांनी तिला उचलून धरलं.

"परत जाऊया?" सलील म्हणाला.

"थांब. थंडी कळतेय."

पाणी कळत नव्हतं. लाट आपटलेली, वाळू सरकलेली, काही नाही. पण थंडीची एक रेघ घोट्यांशी होती. एकेक पाऊल पुढे ओढलं जाताना ती वर चढत होती, पोटरीवरून, गुडघ्यावरून, मांडीवरून. त्या रेघेखाली गार आणि वर ऊन. ज्ञानदाने खाली पाहायचं सोडून दिलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच तिचे पाय कुठवर आहेत हे तिला न बघता कळत होतं.

कमरेएवढ्या पाण्यात अमिरुन्निसा म्हणाल्या, "आता आडवी हो. आम्ही धरलाय."

ती आडवी झाली. त्यांचे हात पाठीखाली असणार, ते तिला कळले नाहीत. पाणी मानेपर्यंत आलं. तिने डोळे मिटले. सगळीकडून गारवा आला, पाठीला, काखेत, बोटांच्या मधे, तळपायांना, आणि ज्या ज्या ठिकाणी तो आला त्या त्या ठिकाणी ती होती. फेब्रुवारीपासून ती डोक्याएवढी उरली होती, बाकीचं सामान नजरेने वाहून नेत होती. आता ते सगळं एकत्र, एकाच वेळी, तिला मिळालं. छातीत काळीज धडधडत होतं आणि ते त्या गारव्याच्या मधोमध होतं. आत आणि बाहेर असा फरक तिला करता येईना.

"काय गो?" अमिरुन्निसांचा आवाज आला. "रडतेस काय?"

"नाही. केवढी मोठी आहे मी," ज्ञानदा म्हणाली.

सलील हसला आणि मग त्याने तोंड समुद्राकडे वळवलं.

ती तशी तरंगत किती वेळ राहिली कुणी मोजलं नाही. दूर जहाजं उभी होती. मागच्या रस्त्यावरून गाड्यांचा आवाज येत होता. मग गारव्याचा रंग बदलला. आधी छान होता, आता त्यात नको असं काहीतरी मिसळायला लागलं. दात अजून वाजत नव्हते, अंगावर काटाही आलेला नव्हता.

"मला थंडी वाजायला लागेल आता," ती म्हणाली. "बाहेर जाऊया."

दोघांनी तिला उभं केलं. ओले कपडे जड झाले होते आणि वाळूत पाय दिसेपर्यंत तिला जवळजवळ उचलूनच आणावं लागलं. वाटेत ती तिघं दोनदा बसली. अबोली टॉवेल उघडून पाण्याच्या कडेपर्यंत आली आणि तिची स्वतःची चप्पल भिजली तरी मागे सरली नाही.